फोनवर शिकलेली

९ ऑगस्ट

प्रिय छोट्या,

पन्नाशी उलटलेल्या कारखान्याच्या मॅनेजरला छोट्या म्हणू नये, असं तुझ्या वहिनीचं मत आहे. पण दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला गेलो की माझी जीभ अडखळते. पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघं बरे आहोत. दिवसभर फोनपुढे घसा कोरडा करून झाल्यावर संध्याकाळी तोच फोन कानाला लावायचा म्हटलं की अंगावर येतं. शिवाय फोनवर आपण दोघं पाच मिनिटांत हमरीतुमरीवर येतो. पत्रात निदान तुला मला मधेच तोडता येत नाही.

साथ आल्यापासून आमची तंत्रशाळा बंद आहे. वरून हुकूम आला, शिकवणं थांबता कामा नये, सगळं फोनवरून घ्या. गणितवाल्यांचं एक वेळ ठीक आहे. मी लेथ शिकवतो. गरगर फिरणाऱ्या लोखंडाला टूल टेकलं की हाताला काय जाणवतं, ते फोनमधून कसं पोचवायचं? पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन मी कार्यशाळेत जातो, मशीन चालू करतो आणि तुझी वहिनी समोर फोन धरून उभी राहते. तिचा हात भरून आला की मुलांना माझ्याऐवजी छत दिसतं. मुलांच्या हाताला काहीतरी लागावं म्हणून गाजरं आणायला सांगितली. घरातल्या एकाने गाजर फिरवायचं, दुसऱ्याने साल काढायची सुरी टेकवायची. एका आईने कळवलं, गाजरं संपली, आता मास्तरांनी विषय बदलावा.

लोक हसतात. केस कापायला गेलो तर न्हावी म्हणाला, "मास्तर, मग मीही फोनवरूनच कापतो, तुम्ही घरी बसून मान वाकवा." मीही हसलो. पण शेजारचे निवृत्त साहेब रोज गच्चीतून विचारतात, घरबसल्या पगार चालू ना? वर्तमानपत्रातली पत्रं वाचावीत तर जो तो लिहितो, हे शिक्षण म्हणजे धूळफेक. खरं सांगू, सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

मत बदललं ते एका मुलीमुळे. फोनच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्याच्या जागी किटलीचं चित्र असतं, वडिलांची चहाची टपरी आहे म्हणून. वर्गात सगळे तिला किटलीच म्हणतात. तोंड कधी दाखवत नाही, कारण एकाच खोलीत मागे सगळं घर नांदतंय. पण प्रश्न असे विचारते की मला दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरतात. तिने एकदा विचारलं, "सर, टूल जरा खाली बसलं तर आवाज बदलतो का?" मी मुद्दाम खाली बसवून ऐकवलं. आता नुसत्या आवाजावरून ती सांगते, टूल बोथट झालंय, पकडीतलं लोखंड हलतंय. हाताची जाण फोनमधून जात नाही रे, पण कानाची जाते. पस्तीस वर्षं शिकवतोय, हे मला ठाऊक नव्हतं.

तास सुरू करताना मी सगळ्यांकडून एकच घोकून घेतो : बाह्या वर, केस बांधलेले, अंगठी काढलेली, हातमोजे नाहीत. लेथला अंगठी फार आवडते, पण तो ती बोटासकट घेतो, हे माझं जुनं वाक्य. एक पोरगं म्हणे झोपेतही हे बडबडतं.

तुझ्याकडे काय चाललंय ते सविस्तर लिही.

दादा

*

३० ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा टपाल घेऊन आलेल्याने वर बघून विचारलं, कुणी गेलं का? हल्ली पत्र म्हणजे तेवढंच, असा लोकांचा समज आहे.

इथे सगळा आनंद आहे. निम्मी माणसं गावी गेली ती परतली नाहीत. उरलेल्यांपैकी कोण ना कोण तापाने आडवा असतो. कारखाना मात्र थांबवायचा नाही, असं मालकांचं म्हणणं. मास्क, अंतर, फवारणी, नियमांचा एवढा मोठा फलक दारावर लावलाय की वाचेपर्यंत पाळी संपावी. तो मीच लिहिला. माणसं माझ्यावर चिडतात, मालक माझ्यावर चिडतात, घरी आलो की तुझी भावजय चिडते.

तुझ्या गाजरांवरून आम्ही सगळे हसलो. रागावू नकोस. पण फोनवर पोहायला शिकलेल्याला तू विहिरीत ढकलशील का? आमचा चिरंजीव रोज वर्गाला "हजर" असतो. परवा दार लोटून पाहिलं तर फोन उशीला टेकवून साहेब घोरत होते आणि बाई समाजशास्त्र शिकवत होत्या. तुझी ती किटली हुशार असेल, पण बाकीच्यांचं काय? आमच्या मालकांनी आत्ताच सांगून ठेवलंय, ही मोबाईल बॅच आपल्याकडे घ्यायची नाही. मी त्यांना विरोध करणार नाही. माझंही तेच मत आहे.

वहिनीला म्हणावं, हात दुखत असेल तर फोन छताला टांग.

छोट्या

*

१७ जानेवारी

प्रिय छोट्या,

मधे इतके दिवस लिहिलं नाही, कारण वहिनीला ताप होता. आता बरी आहे, पण जिना चढताना धापा टाकते. फोन धरायला येत नाही. मी तो स्टुलावर विटा रचून ठेवतो.

परीक्षा झाली. सगळ्यांना पास करा असा हुकूम होता, तसं केलं. प्रमाणपत्रं घरपोच गेली. त्यावर वर्ष छापलेलं आहे आणि तेच मुलांच्या मुळावर आलंय. कारखान्याच्या दारात वर्ष वाचूनच परत पाठवतात. एकाने तर आमच्या एका विद्यार्थ्याला सांगितलं, तू फोनवर शिकलास ना, मग फोनवरच कामाला ये. तो मुलगा आता भाजीची गाडी ढकलतो. मला पाहून दुसऱ्या गल्लीत वळला.

तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आज मागतो. किटलीला कामावर घे.

मी तुझ्यापासून काही लपवत नाही. मुभा मिळाल्यावर मी तिला थोडे दिवस कार्यशाळेत बोलावलं. तिचा हात चांगला आहे, पण नवा आहे. तेव्हा एवढंच कर, पहिले काही महिने तिला लेथवरच्या एखाद्या जुन्या टर्नरच्या शेजारी उभी कर. एकटीला मशीनवर सोडू नकोस. कानाने ती तुझ्या निम्म्या माणसांच्या पुढे आहे, हाताला वेळ लागेल.

टपरी अजून नीट चालत नाही. वडील तिला म्हणतात, त्या फोनपायी तुझं वर्ष वाया गेलं. त्यांना ते खोटं ठरलेलं पाहायचंय. मलाही.

दादा

*

२२ फेब्रुवारी

दादा,

घेतली बाबा तुझ्या किटलीला. मालकांपुढे तुझं नाव गहाण टाकलं. मागच्या गल्लीत एका बाईंकडे राहते, वेळेवर येते, खाली मान घालून काम करते. आमच्या उस्तादांच्या शेजारी उभी केलीय. म्हातारा कुणाचं कौतुक करत नाही, तो म्हणाला, पोरगी ऐकते. आधी मला वाटलं सांगितलेलं ऐकते. नंतर कळलं, मशीन ऐकते असं त्याला म्हणायचं होतं.

माणसं तिला "मोबाईल" म्हणतात. ए मोबाईल, चार्जिंग झालं का, असं. मी एकदोनदा हटकलं, पण त्याने काही थांबत नाही.

एक सांगू का? ती प्रत्येक गोष्टीला "आमचे सर म्हणायचे" लावते. इथे त्याचा वैताग येतो. परवा एक तक्रार घेऊन थेट माझ्या खोलीत आली. क्षुल्लक होती. दिवसभर माझ्या डोक्यावर माल पोचवायच्या तारखा नाचत असतात, त्यात ही. मी तिला नीट समजावून परत पाठवलं. काळजीचं काही नाही. नवीन माणसाला कारखाना कळायला वेळ लागतो.

वहिनीला जिने चढू देऊ नकोस.

छोट्या

*

१ मार्च

प्रिय छोट्या,

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं. "पोरगी ऐकते" हे तिने पुन्हा वाचलं. टपरीवर जाऊन वडिलांना सांगितलं, तर त्यांनी माझ्या चहात साखर जास्त घातली.

तक्रार कशाची होती ते तू लिहिलं नाहीस. ती उगाच बोलणारी मुलगी नाही. आठ महिने तास घेतले, तिने एक निरर्थक प्रश्न विचारला नाही. तेव्हा मला कळव. नाहीतर तिलाच पुन्हा बोलावून विचार.

दादा

*

१९ मार्च

दादा,

वाईट बातमी आहे. फोनवर सांगायचा धीर झाला नाही.

मंगळवारी किटलीला अपघात झाला. उजवा हात मशीनमध्ये ओढला गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटं गेली. जिवाला धोका नाही. मी स्वतः गाडीतून दवाखान्यात नेलं. तिचे वडील आलेत, आठवड्याभरात घरी घेऊन जातील.

इथे निरीक्षक येऊन गेले, पुन्हा येणार आहेत. वर्तमानपत्रवाल्यांना कुठून वास लागला कोण जाणे. मथळा दिलाय, "फोनवर शिकली, हाताला मुकली". कात्रण पाठवत नाही, तुझ्यापर्यंत पोचेलच.

मी तुला आधीच म्हटलं होतं. तू ऐकलं नाहीस, आणि मीही तुझ्या शब्दाखातर मऊ पडलो. मशीन म्हणजे गाजर नव्हे, दादा. आता सगळे माझ्याकडे बोट दाखवतात, अशा पोरीला घेतलंस कशाला. तुला दोष द्यायचा म्हणून लिहीत नाही, पण शिकवायचं तसं शिकवलं गेलं नाही, हे तुलाही मान्य करावं लागेल.

छोट्या

*

२८ मार्च

छोट्या,

मान्य आहे.

मथळा इथे ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. शेजारच्या साहेबांनी गच्चीतून विचारलं नाही, नुसती मान हलवली. पालकांची बैठक झाली. एका वडिलांनी वर्तमानपत्र माझ्यापुढे टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "माझा मुलगाही तुमच्याकडेच शिकला. त्याला कुणी कामावर घेतलं नाही, हे बरंच झालं म्हणायचं." प्राचार्यांनी फोनवरचे तास बंद केले.

वहिनी म्हणते, तुम्ही जेवत नाही. मी बसून माझेच जुने तास ऐकत असतो. ते फोनमध्ये साठवलेले आहेत. कुठे सांगायचं राहिलं, ते शोधतो. अजून सापडलेलं नाही. पण माझ्याच आवाजावर माझा विश्वास उरलेला नाही. इतकी वर्षं मुलांच्या मागे उभं राहून शिकवलं. चुकीच्या जागी हात गेला की मनगट धरायचो. फोनमधून कुणाचं मनगट धरता येतं?

मी राजीनामा लिहून ठेवलाय. द्यायच्या आधी एकदा तिला भेटेन म्हणतो.

तुला एकच विचारायचंय. हात ओढला गेला, म्हणजे कशात काय अडकलं? बाही? केस? ती बाही कोपराच्या वर दुमडल्याशिवाय बटणाला हात लावत नसे. आणि उस्ताद कुठे होते?

एवढं कळव.

दादा

*

२५ एप्रिल

छोट्या,

तुझं उत्तर येईल म्हणून इतके दिवस थांबलो. ते आलं नाही. काल मी तिच्या घरी गेलो.

एक खोली, तिला एकच खिडकी. ती खिडकीशी बसली होती, हात मांडीवर, पट्टीत. मला पाहून उठायला गेली. वडील टपरीवर होते. बराच वेळ आम्ही वहिनीच्या तब्येतीबद्दल बोललो. मग मी म्हटलं, माझं काहीतरी शिकवायचं राहून गेलं असेल तर सांग, मला वाईट वाटणार नाही.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "सर, साहेबांनी तुम्हाला लिहिलं नाही?"

मग तिने सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. माझ्या तासाला सांगायची तसं, पायरी पायरीने सांगितलं.

साथीसाठी तू सगळ्यांना हातमोजे सक्तीचे केले होतेस. लेथवाल्यांनासुद्धा. जुनी माणसं तू फेरीला आलास की घालायची, पाठ फिरली की काढून खिशात. उस्तादही तेच करायचे. ही नवी. तिला वाटलं, चूक झालीय, साहेबांना सांगितलं की दुरुस्त होईल. म्हणून ती तुझ्या खोलीत आली. फिरत्या मशीनपुढे हातमोजा घालायचा नसतो, तो पकडला गेला तर हात सोडवता येत नाही, असं तिने तुला सांगितलं. तू काय म्हणालास तेही तिने सांगितलं. म्हणालास, "तुझ्या सरांनी फोनवर काय सांगितलं ते इथे चालत नाही. साथ खरी, मशीन खरं, फोन खोटा." बाहेर माणसं उभी होती, ती हसली.

दुसऱ्या दिवशी तिने तरीही मोजे काढले, तेव्हा तू तिला घरी पाठवलंस आणि पुन्हा दिसलं तर कायमची जाशील म्हणालास. त्यानंतर तिने ते काढले नाहीत. उस्ताद तापाने आडवे पडले. त्यांच्या मशीनवर तू तिला एकटीला उभं केलंस.

मी विचारलं, हे तू दवाखान्यात, निरीक्षकांपुढे कुणालाच का बोलली नाहीस? ती म्हणाली, "साहेब तुमचे भाऊ आहेत ना, सर. तुम्ही शब्द टाकून मला लावलं होतं."

मी उठलो आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

छोट्या, मी तुला शिव्या लिहिणार नाही. लिहायला बसलो होतो, तो कागद फाडला. लहानपणी तुला काही फोडलंस की लपवायची सवय होती आणि मी मार खायचो, ते मला चालायचं. हे चालणार नाही. मी महिनाभर स्वतःला खातोय, त्याचंही सोड. तिचे वडील तिला रोज बोलतात. फोनवर बघून मशीनला हात घातलास, असं म्हणतात. ती ऐकून घेते.

निरीक्षकांना खरं काय ते सांग. मी तुला सांगतोय, विनंती करत नाही.

दादा

*

२० मे

दादा,

सांगितलं. लेखी दिलं.

तुझं पत्र खिशात घेऊन मी बरेच दिवस कामावर गेलो आणि परत आलो. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. फक्त एक तुला ठाऊक नाही. ती माझ्या खोलीत बोलत होती, तेव्हा ती बरोबर असेल असं मला क्षणभर वाटलं होतं. मी लेथवर कधी उभा राहिलो नाही, पण पस्तीस वर्षं माझ्या भावाच्या तोंडून ऐकतोय. पण फलक मी लिहिला होता, बाहेर माणसं ऐकत होती, आणि सांगणारी कोण, तर फोनवर शिकलेली विशीतली पोर. उस्तादांनी तेच सांगितलं असतं तर मी फलक बदलला असता. हे मी रोज घोळवतो आणि रोज तिथेच येऊन अडकतो. तुला ते पत्र लिहिलं तेव्हा तर मला खरंच वाटायला लागलं होतं की चूक तुझीच. सगळं जग तेच म्हणत होतं, मला फक्त मान डोलवायची होती.

अपघात झाला तेव्हा मी वरच्या खोलीत होतो. खाली आलो तर कुणीतरी मशीन बंद केलं होतं. ती शुद्धीवर होती. मला म्हणाली, मोजा कापा. बाकी काही नाही.

निरीक्षकांनी शांतपणे ऐकून घेतलं. अहवालात माझं म्हणणं आलं, पण त्याच्याखाली हेही आलं की उमेदवाराचा अनुभव अपुरा होता. मालकांनी मला महिनाअखेर निघायला सांगितलंय. त्याचं मला काही वाटत नाही, खोटं वाटेल तुला. वर्तमानपत्राच्या कचेरीत स्वतः गेलो. तिथल्या माणसाने टिपून घेतलं, आतल्या पानावर दोन ओळी आल्या, मोज्यांबद्दल. त्या कुणी वाचल्या नाहीत. परवा गाडीत दोघं जण बोलत होते, त्या फोनवर शिकलेल्या पोरीचं ऐकलंत का म्हणून. मी त्यांना सांगायला गेलो तर त्यातला एक म्हणाला, "तेच म्हणतोय मी."

दारावरचा फलक मी काढला. आता लेथवाले मोजे घालत नाहीत. पण दारातल्या माणसाला नवा हुकूम आहे, त्या वर्षाचं प्रमाणपत्र दिसलं की आत सोडायचं नाही.

राजीनामा देऊ नकोस. तू दिलास तर मी काय करू?

छोट्या

*

२ जून

छोट्या,

राजीनामा फाडला. शाळा उघडतेय. मशीनवर गंज चढलाय, तो खरवडतोय. वहिनी बरी आहे, चालते थोडी.

तू जे केलंस ते सोपं नव्हतं, हे मला कळतं. ते मी तुला तोंडावर कधी म्हणणार नाही, म्हणून इथे लिहितो.

पण एक राहिलंय. मी तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही तुमच्या शिकवणीची बाजू घेणारच." अहवाल वाचून दाखवला तर त्यांना "अनुभव अपुरा" एवढंच ऐकू आलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. पोरीकडे बघवत नाही त्यांना, म्हणून बोलतात. किटली आता टपरीवर बसते, डाव्या हाताने गाळते. गिऱ्हाईकं हाताकडे बघतात आणि वडीलच पुढे होऊन सांगतात, फोनवर शिकली हो.

माझं ऐकत नाहीत, निरीक्षकांचा कागद मानत नाहीत. तुझ्या तोंडून ऐकलं तर मानतील. तू ये आणि तिच्यासमोर सांग.

दादा

*

१५ जून

दादा,

मी काल तुमच्या गावात येऊन गेलो. बस तुझ्या घरावरून गेली, दारात वहिनीच्या कुंड्या दिसल्या, तरी उतरलो नाही. का ते वाचल्यावर कळेल.

टपरीवर गर्दी नव्हती. तिच्या वडिलांनी मला ओळखलं, बाक पुसून दिलं. ती आत होती, ग्लास विसळत होती. मी म्हटलं, मला तुमच्याशी बोलायचंय, तिलाही बोलवा. ती येऊन उभी राहिली, उजवा हात पदराआड.

मी बसमध्ये वाक्यं जुळवत आलो होतो, ती सगळी विसरलो. जे तोंडाला आलं ते बोललो. हातमोजे मी घालायला लावले. ती नको म्हणाली होती, मी तिला चारचौघांत गप्प केलं. काढले तेव्हा घरी पाठवलं. तिला शिकवलेलं बरोबर होतं, तिचं वागणं बरोबर होतं, फोनवर शिकली म्हणून मी ऐकलं नाही. तिची यात काडीचीही चूक नाही, सगळी माझी आहे. असं म्हणालो. दोनदा म्हणालो.

माझं बोलणं संपल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पोचलं. आता हा माणूस मला मारेल. मारावं, असंही वाटलं.

ते म्हणाले, "साहेब, एवढ्या लांबून आलात. माझ्या पोरीची चूक स्वतःच्या अंगावर घेतलीत. अशी माणसं राहिली नाहीत आता."

मी म्हटलं, नाही हो, तसं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. ते माझा हात धरून थोपटत राहिले. राहू द्या साहेब, मला कळतं, म्हणाले. तुमची नोकरीही गेली ना तिच्यापायी, सर म्हणत होते.

मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बघतेस काय? माफी माग साहेबांची."

मी उभा राहिलो. नको, नको म्हणालो. ती माझ्याकडे बघत होती, वडिलांकडे नाही. मी पुढे काय करणार आहे ते तिला आधीच ठाऊक असावं, अशी. मी काहीच केलं नाही, दादा.

"चुकलं माझं, साहेब," ती म्हणाली.

वडिलांनी चहा पुढे केला आणि मी तो घेतला. पिऊन झाल्यावर तिने डाव्या हाताने माझा ग्लास उचलला आणि विसळायला आत नेला.

छोट्या